विरोध नाही, पण...

पेशवाईतल्या पुण्यात भेदभाव करणाऱ्याला आधी स्वतःची सफाई द्यावी लागत नसे. कोणी कोणत्या पाणवठ्यावर जायचे, कोणी देवळापासून किती लांब थांबायचे, हे सगळे ठरलेले होते आणि मोडणाऱ्याची शिक्षाही ठरलेली होती. 'मी तसा माणूस नाही हो' असे म्हणायची वेळ कोणावर येणार? जे चालले होते त्यालाच लोक धर्म म्हणत होते.

१८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली तेव्हाही विरोध तसाच रोखठोक होता. शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि चिखल टाकणाऱ्यांनी आधी स्त्रीशिक्षणाचे कौतुक केले नव्हते. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हाही कोण कोणत्या बाजूला उभे आहे याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

पुढच्या वीस वर्षांत बोलण्याची रीत बदलली. मुंबई विद्यापीठातून पदवीधर बाहेर पडू लागले, १८७० साली सार्वजनिक सभा निघाली, वर्तमानपत्रे घरोघर जाऊ लागली. चार शिकलेल्या माणसांत बसून 'बायकांना शिकवू नका' असे म्हणणे जड जाऊ लागले. सुधारकांनी मिळवलेला हा मोठाच विजय होता, आणि त्याचे श्रेय त्यांना पुरेसे दिले जात नाही. विरोध मात्र संपला नाही. त्याने फक्त आपल्यापुढे एक सभ्य वाक्य जोडून घेतले.

१८८४ मध्ये हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली आणि या नव्या रीतीचा पहिला मोठा नमुना पुण्याने पाहिला. 'केसरी' आणि 'मराठा' यांनी टीकेचा रोख ठेवला तो अभ्यासक्रमावर आणि शाळेच्या वेळांवर. मुलींनी शिकावे, पण हे विषय कशाला? शिकावे, पण घरच्या कामाच्या वेळी कशाला? एकेक हरकत सुटी घेतली तर चर्चेची वाटते. सगळ्या एकत्र केल्या तर शाळेत शाळेसारखे काही उरत नाही.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचा वाद याहून गुंतागुंतीचा आहे आणि तिथे घाईने निवाडा करू नये. विवाहित मुलीचे संमतिवय दहावरून बारावर नेणारा हा कायदा मार्चमध्ये मंजूर झाला. टिळकांचे म्हणणे असे, की सुधारणेला आपला विरोध नाही, परक्या सरकारने कायद्याने ती लादण्याला आहे. यात राजकीय तथ्य होते. शिवाय त्यांनी १८९० मध्ये आपणहून पाळायच्या नियमांची एक यादीही पुढे केली होती आणि तिच्यात मुलीचे लग्नाचे वय सोळा होते, म्हणजे कायद्याच्याही पुढे. पण त्यांच्यामागे जमलेल्या गर्दीतल्या किती जणांना ते सोळा वर्षांचे कलम हवे होते? बहुतेकांना 'सुधारणेला विरोध नाही' हा पहिला भाग ढालीसारखा हवा होता. समाजसुधारक आगरकरांनी ही ढाल कधी वापरली नाही. त्यांच्या जिवंतपणी पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली गेली.

पुढाऱ्याचे वाक्य आणि अनुयायाचे वाक्य शब्दाला शब्द तेच असते, पण दोघे ते वेगवेगळ्या कामासाठी वापरतात. इतिहास लिहिताना ही गोष्ट निसटते.

मार्च १९१८ मध्ये मुंबईत सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यतानिवारण परिषद भरली. पुण्यात अस्पृश्यांसाठी शाळा आणि वसतिगृह चालवणारे विठ्ठल रामजी शिंदे तिच्यामागे होते. देवाला अस्पृश्यता चालत असेल तर त्याला आपण देव मानणार नाही, अशा आशयाचे टिळकांचे भाषण याच परिषदेतले. त्याच वेळी एक जाहीरनामाही सह्यांसाठी फिरत होता. आपण स्वतः रोजच्या व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही, एवढेच त्यात कबूल करायचे होते. त्यावर टिळकांनी सही केली नाही. भाषण लाखो लोकांच्या तोंडी राहिले. सहीची जागा रिकामी राहिली. शिंद्यांनी त्या कागदासाठी किती उंबरे झिजवले असतील, हे मनात आणले की त्या रिकाम्या जागेचे वजन कळते.

दोन वर्षांनी पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. विठ्ठलभाई पटेलांच्या १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना तसा अधिकार मिळाला होता. टिळकपक्षाचे म्हणणे होते: मुलींच्या शिक्षणाला विरोध नाही, पण पैसा अपुरा आहे, तेव्हा सक्ती आधी मुलग्यांपुरती करू. फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या रस्त्यावर बायकांचा मोर्चा निघाला. सेवासदनच्या रमाबाई रानडे त्यात होत्या, शिंदे पाठीशी होते. किर्लोस्कर थिएटरातल्या सभेत खुद्द टिळकांना बोलणे अवघड झाले. पुण्यात हे घडावे, तेही टिळकांच्या बाबतीत, यावरून त्या बायकांचा संताप किती खरा होता ते समजते. तिजोरीत पैसा कमी होता हे खोटे नव्हते. पण तुटवडा आला की कात्री दरवेळी मुलींच्याच वाट्याला का येते, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याला जमाखर्चाच्या वहीत उत्तर नव्हते.

या सगळ्या प्रकरणांत पहिल्या वाक्यानंतर येते ते कारण कधीच द्वेषाचे नसते. कधी कायद्याचे तत्त्व, कधी पैशाची तंगी, कधी मालकी. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वतीच्या देवळात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज पुढे होते, एस. एम. जोशी आणि काकासाहेब गाडगीळ सोबत होते. देवस्थानाने खासगी मालकीच्या हक्काकडे बोट दाखवले. पायऱ्यांवर सत्याग्रहींवर दगडफेक झाली. दगड मारणाऱ्यांना मालकीहक्काच्या कायद्याशी देणेघेणे नव्हते, पण त्यांना उभे राहायला आडोसा त्याच युक्तिवादाने मिळाला. मंदिरप्रवेशाचा कायदा व्हायला १९४७ उजाडावे लागले.

राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली, १९५५ च्या कायद्याने ती गुन्हा ठरवली. आता तर आधी सफाई देणे भागच झाले. १९७२ मध्ये पुण्याच्या बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' चळवळ हाती घेतली तेव्हा गावोगाव पाणवठे वेगळेच होते. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, तेव्हा विरोधकांचे पालुपद होते की बाबासाहेबांबद्दल आदरच आहे, पण मराठवाड्याची अस्मिता आहे. दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला.

जॉन हेविट आणि रँडल स्टोक्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये अशा आधीच्या सफाईवर एक निबंध लिहिला. आपण काय बोलणार आहोत आणि त्याचा लोक काय अर्थ काढतील हे बोलणाऱ्याला पक्के ठाऊक असते, म्हणून तो आधीच स्वतःची ओळख वेगळी करून ठेवतो, असे त्यांचे म्हणणे. २००१ मध्ये बेन्वा मोनिन आणि डेल मिलर यांनी प्रयोगांतून आणखी पुढची गोष्ट दाखवली: आपण पूर्वग्रहदूषित नाही हे एकदा दाखवायची संधी मिळाली, की नंतरच्या निवडीत माणूस भेदभाव करायला अधिक मोकळा होतो. म्हणजे हे वाक्य फक्त ऐकणाऱ्यासाठी नसते. बोलणाराही त्याने स्वतःला परवानगी देतो.

पुण्यात रविवारच्या पुरवणीत 'वधू पाहिजे'चा रकाना वाचणाऱ्यांना अशा वाक्याचा सगळ्यात आटोपशीर नमुना ओळखीचा आहे. मुलाचे शिक्षण, उंची, पगार, कोथरूड-औंधमध्ये स्वतःचा फ्लॅट. मग 'आंतरजातीय चालेल'. आणि त्याच ओळीत, स्वल्पविरामानंतर, 'एससी, एसटी क्षमस्व'. जाहिरातीचे पैसे शब्दांवर मोजले जातात, तरी 'क्षमस्व' कोणी गाळत नाही.