फेटा, फाया आणि शनिवारची रात्र

काष्टीचं नाव काढलं की नगर आणि पुणे जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याला आधी बैल आठवतात. श्रीगोंदा तालुक्यातल्या या गावाचा शनिवारचा जनावरांचा बाजार दूरदूरपर्यंत ठाऊक आहे. कुणाची बैलजोडी कितीला गेली, रुमालाखाली हात घालून बोटांवर सौदा कसा होतो, याच्या गोष्टी आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ असतात. आज मला मात्र बैलांविषयी बोलायचं नाही. बैल विकून झाल्यावर, कमरेच्या कशात रोकड असताना, संध्याकाळी माणूस काय करायचा त्याविषयी बोलायचं आहे.

घरी जायचा, हे खरं उत्तर. बहुतेक जण तेच करायचे. पण प्रत्येक गावात दोन-चार रंगेल गडी असायचेच, आणि त्यांच्यासाठी सरकारने सोय करून ठेवली होती. 1878 साली दौंड-मनमाड रेल्वेमार्ग सुरू झाला. काष्टीच्या स्टेशनवर गाडीत बसलं की भीमा ओलांडून दौंड, आणि दौंडहून पुणे. ज्या पुण्याला बैलगाडीने मुक्काम करत जावं लागे, ते आता एका रात्रीच्या आवाक्यात आलं. त्या रात्रीसाठी माणसं कशी नटत, हा आपल्या वेशभूषेच्या इतिहासातला एक दुर्लक्षित भाग आहे. बायकांच्या लुगड्यांवर, दागिन्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं. पुरुषाच्या नटण्यावर आपण फार तर हसतो.

डोक्यापासून सुरुवात करू. फेटा रोजचाच, पण रात्रीचा फेटा वेगळा. रोजचा पटका ऊन-धूळ अडवायला, घाम पुसायला, वेळेला विहिरीतून पाणी काढायलाही कामी यायचा. रात्रीचा फेटा जरीकाठी असायचा आणि त्याचा शेमला मुद्दाम पाठीवर लांब सोडलेला असायचा. जर का, तर उजेडामुळे. तमाशाच्या फडात आधी टेंभे असत, पुढे गॅसच्या बत्त्या आल्या. अशा हलत्या, पिवळट उजेडात पांढरं सुती कापड मळकट दिसतं आणि जर पेटल्यासारखी चमकते. दिवसाढवळ्या भडक वाटणारी गोष्ट रात्री शोभून दिसते, हे त्या लोकांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

मग कान. उजव्या कानाच्या पाळीत वरच्या बाजूला भिकबाळी हा सरदार-दरकदारांचा, पुणेरी मंडळींचा दागिना. आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या कानात तिच्याऐवजी अत्तराचा फाया असायचा. कापसाचा बोटभर बोळा, त्यावर थंडीत हिना आणि उन्हाळ्यात वाळा. हिना उष्ण, वाळा थंड, ही जाण अगदी अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसालाही असे. सदऱ्याला साखळीने जोडलेली चांदीची बटणं, ऐपत असेल तर सोन्याची. खांद्यावर उपरणं, मनगटाला मोगऱ्याचा गजरा, कनवटीला पानाची चंची आणि अडकित्ता. पायात कोल्हापुरी वहाण, आणि तीही मुकी नव्हे. तळाच्या चामड्यात ‘विंचू’ घालून घेतला की वहाण पावलागणिक कर्रकर्र वाजते. माणूस फडात शिरायच्या आधी त्याचा आवाज शिरायचा. आजच्या मोटारसायकलींचे सायलेन्सर काढणाऱ्या पोरांना आपण नावं ठेवतो, पण त्यांचा पूर्वज हा असा आहे.

हा थाट रेल्वेबरोबर आला नव्हता. तो पेशवाईतला. लावणी-पोवाड्यांच्या बहराच्या त्या काळात सरदार-शिलेदारांनी जे केलं, ते पुढच्या शतकात शेतकऱ्याने आपल्या ऐपतीत बसवलं. आपल्या जिल्ह्यातल्या संगमनेरचा अनंत फंदी त्याच काळातला. आधी तमाशाचे फड गाजवणारा हा शाहीर अहिल्याबाई होळकरांच्या एका बोलाने कीर्तनाकडे वळला, अशी आख्यायिका सांगतात. रात्र काय असते ते पुरतं पाहिलेल्या माणसाने फटके लिहून तरुणांना सरळ वाटेने चालण्याचा उपदेश केला. त्या उपदेशाला जे वजन आहे, ते मला वाटतं त्यामुळेच.

आणि श्रीगोंद्याचं म्हणाल, तर ते शिंद्यांचं. महादजी शिंदे 1792 मध्ये पुण्यात आले तेव्हाची एक हकीगत ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवली आहे. उत्तर हिंदुस्थान पालथा घालून आलेला हा माणूस दरबारात सगळ्यांच्या खाली बसला. बसायचा आग्रह झाला तेव्हा त्याने काखेतलं बासन सोडलं, त्यातून नव्या जोड्यांचा एक जोड काढून सवाई माधवरावांपुढे ठेवला आणि वडिलांचं काम तेच आपलं काम, अशा अर्थाचं काही बोलला. वडील राणोजी पेशव्यांचे जोडे सांभाळत, अशी त्यामागची कथा. बादशहाकडून आणलेली वस्त्रं आणि पदव्या पेशव्याला द्यायला आलेल्या माणसाने आधी जोडे पुढे करावेत, यातला नम्रपणा किती आणि राजकारण किती, यावर इतिहासकार वाद घालोत. वस्त्र आणि जोडा यांतून माणसाची पायरी ठरते, हे भर दरबारात सगळ्यांना कळत होतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

गावातही तेच होतं, फक्त दरबाराशिवाय. कुणी कोणतं कापड नेसावं, कुणी वहाण पायात घालावी आणि कुणी ती पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना हातात घ्यावी, याचे नियम कुठे लिहिलेले नव्हते आणि कुणी मोडतही नव्हतं. महार-मांगाच्या तरुणाने जरीचा फेटा बांधून गावातून मिरवणं म्हणजे मार खाण्याची तयारी. आता गंमत म्हणा की दैवदुर्विलास म्हणा, ज्या फडासाठी आमचे रंगेल गडी नटून जायचे, त्या फडावर भरजरी पोशाखात उभे राहणारे कलावंत बहुतांशी याच जातींचे होते. राजाचा मंदील बांधून रात्रभर बोर्डावर हुकूम सोडणारा नट सकाळी आपल्या गावी परतला की वेशीवर वहाणा काढत असे. शहरातल्या रात्रीने सगळ्यांनाच थोडी सूट दिली होती. गावातल्या शेतकऱ्याला कुळ-घराण्याच्या नजरेतून आणि कलावंताला त्याहून फार मोठ्या जाचातून. पण दोघांच्या सुटीची किंमत सारखी नव्हती.

पठ्ठे बापूराव हे या दुनियेतलं सर्वांत मोठं नाव. साताऱ्याकडच्या रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्माने ब्राह्मण. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या पवळाबरोबर त्यांनी मुंबई गाजवली. महाडच्या सत्याग्रहाच्या सुमारास, म्हणजे 1927 च्या आसपास, तमाशाच्या खेळांचं उत्पन्न चळवळीला देऊ करायला बापूराव थाटाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे गेले. बाबासाहेबांनी ते नाकारलं. आपल्या समाजाच्या बायकांना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. धनंजय कीर यांनी चरित्रात हा प्रसंग सांगितला आहे. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडं कसं नेसावं, जात सांगणारे जड दागिने का टाकावेत, हे सांगितलं. कापडाचा विचार करणारा हा माणूस स्वतः कडक सुटाबुटात वावरत होता, आणि तो सूट हौसेपुरता नव्हता, हे त्यांच्या माणसांना बरोबर कळत होतं. मला बापूरावांच्या प्रतिभेविषयी आदर आहे. तरीही त्या दिवशीच्या त्या दोन पोशाखांत मला बाबासाहेबांचाच पोशाख मोठा वाटतो.

आमच्या घरातही अशी एक पत्र्याची ट्रंक होती. आजोबांची. आजोबा शिस्तीचे, माळकरी नव्हते पण माळकऱ्यांत बसणारे. त्यांच्या ट्रंकेत अबोली रंगाचा जरीकाठी फेटा, काचेचं बूच लावलेली अत्तराची रिकामी कुपी आणि साखळीचं चांदीचं घड्याळ निघालं. आजोबांना घड्याळ वाचता येत नव्हतं, असं आजी ठासून सांगायची. ते खरंच असणार. रेल्वे आली तशी वेळ आली, आणि खिशातून बाहेर दिसणारी साखळी ही वेळ पाहण्यापेक्षा वेळ आपल्याकडे आहे हे दाखवायला जास्त असायची. पहिल्या महायुद्धातून, मेसोपोटेमियाच्या आघाडीवरून परतलेल्या आपल्याकडच्या शिपायांनी मनगटी घड्याळ खेड्यांत आणलं आणि साखळ्या हळूहळू ट्रंकेत गेल्या.

पुढचं सगळं भराभर झालं. 1920 नंतर गांधी टोपीने फेट्याला शह दिला. जर एकदम बेगडी दिसू लागली, आणि रात्री तमाशाला जाणाराही पांढऱ्या टोपीत जाऊ लागला. (टोपी तमाशात उडवली तर फेट्याची मजा येत नाही, अशी तक्रार मी एका म्हाताऱ्याकडून ऐकली आहे. लावणी रंगली की फेटा हवेत जायचा, तेव्हाच ती खरी दाद.) 1961 साली एच.एम.टी.चं घड्याळ आलं आणि काही वर्षांत ते हुंड्याच्या यादीत जाऊन बसलं. टेरिलीन, टेरिकॉट, बेलबॉटम, सफारी. नगर जिल्ह्यात उसाचा पैसा खेळू लागला तसा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांना मान आला, आणि पांढऱ्यावर उठून दिसावं म्हणून गॉगल, अंगठ्या, गळ्यात गोफ. पुण्याजवळ तर अंगावर किलोकिलोने सोनं घालणारे पुरुष निघाले. त्यांतल्या एकाने 2012 च्या सुमारास सोन्याचा शर्टच शिवून घेतला, 2016 मध्ये त्याचा खून झाला. दौंड तालुक्यात चौफुल्याला कला केंद्रं आहेत. तिथे आता फेटेवाले विरळा, मोटारी पुष्कळ.

आजोबांच्या त्या फेट्याबद्दल मी आजीला एकदा विचारलं होतं. तिने लाजून वगैरे काही सांगितलं नाही. म्हणाली, “बैलांची शिंगं रंगवत होते तोवर बरं होतं. मग स्वतःलाच रंगवायला लागले.” एका वर्षी चांगली खिलारी जोडी काष्टीला विकली गेली आणि घरी आलेली रक्कम एका बैलाचीसुद्धा भरेना. त्या साली पेरणीला भाड्याची जोडी आणावी लागली, आणि आजीच्या हातातल्या चांदीच्या गोठांची जोडी सावकाराकडे गेली ती परत आली नाही. आजोबा त्यानंतर पुण्याला गेले नाहीत. त्यांनी तो फेटा पुन्हा बांधलेला कुणी पाहिला नाही.

माझ्या वडिलांच्या वेळी आजीने त्यातला हातभर तुकडा कापून बारशाची कुंची शिवली, जर पुढे येईल अशी. उरलेला फेटा डांबराच्या गोळ्या घालून परत ट्रंकेत ठेवला. माझ्या बारशालाही तीच कुंची होती. फोटोत मी रडतो आहे, कारण जर कपाळाला टोचते.