डीपी कोणासाठी गुणगुणते?

गेल्या नवरात्रातली गोष्ट. केडगावच्या रेणुकादेवीचे दर्शन घेऊन नातवासह रात्री परतत होतो. दिव्यांच्या माळा मागे पडल्या, रस्ता शांत झाला, आणि खांबांवरच्या डीपीची गुणगुण तेवढी कानी येऊ लागली. नातू म्हणाला, "आजोबा, सगळे झोपल्यावर ही कोणासाठी गुणगुणते?"

मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न खरा होता, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे.

१८३१ साली फॅरडेने लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एकातला प्रवाह चालू-बंद करताच दुसऱ्यात क्षणभर वीज उमटे. आजच्या रोहित्राचे मूळ तेच कडे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. म्हणजे पोटातल्या लोखंडाचे चुंबकत्व सेकंदाला शंभर वेळा उलटते. त्या प्रत्येक वेळी लोखंड किंचित लांबते-आखडते, त्याचीच ही गुणगुण. पण उलटण्याच्या ह्या खटाटोपात लोखंड तापते, आणि ती ऊब फुकट जाते.

ही चोरी पकडली कोणी? युइंग नावाचे एक स्कॉटिश प्राध्यापक टोकियोत शिकवीत होते. चुंबकबल कमी केले तरी लोखंडाचे चुंबकत्व मागे रेंगाळते, हे त्यांनी मोजून पाहिले आणि १८८१ च्या सुमारास त्याला ग्रीक शब्दावरून 'हिस्टेरेसिस' हे नाव दिले. मराठीत आपण शैथिल्य म्हणतो. पुढे राजकीय मतांपायी जर्मनी सोडून अमेरिकेत आलेल्या स्टाइनमेट्झने १८९२ साली ह्या नुकसानीचा हिशेब मांडणारे सूत्र दिले. आता यंत्र बांधण्याआधीच नुकसान किती, हे कागदावर काढता येऊ लागले.

मात्र सूत्राला आकडे हवेत, आणि ते पत्र्यापत्र्याला वेगळे. जर्मनीच्या एप्स्टाइनने त्यासाठी चौकट योजली. पत्र्याच्या पट्ट्या चार बाजूंनी चौकोनात रचायच्या, कोपऱ्यांत एकावर एक चढवायच्या, भोवती दोन वेटोळी, आणि वॅटमीटरने नुकसान वाचायचे. पुढे प्रमाण ठरलेल्या चौकटीत प्रत्येक वेटोळ्याला ७०० फेरे असतात. ही रीत आजही चालते.

मोजता आले म्हणून सुधारताही आले. विसाव्या शतकाच्या आरंभी हॅडफील्ड, बॅरेट आणि ब्राउन ह्यांनी लोखंडात सिलिकॉन मिसळले, तर पत्र्यातले भोवरा-प्रवाह कमी झाले. १९३४ साली गॉसने पत्रा थंड लाटून व तापवून त्याचे स्फटिक एका दिशेला वळवले.

आपल्याकडे खोपोलीचे वीजघर १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांसाठी सुरू झाले, आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यावर खेड्यापाड्यांत डीपी उभ्या राहू लागल्या. मीही उमेदीत एका दुरुस्तीच्या कारखान्यात काम केले. जळलेल्या डीपीत नवे तांबे भरायचे, आणि पत्त्या हातोडीने ठोकून घट्ट बसवायच्या, असा तिथला शिरस्ता. डीपी चालू झाली की आम्ही खूश! ठोकल्याने पत्रा आतून ताणला जातो आणि त्याची भूक वाढते, हे मला फार उशिरा कळले. उच्चदाबाची बाजू मोकळी ठेवून, कमी दाबाच्या बाजूला वीज देऊन वॅटमीटर वाचला असता, तर तेव्हाच उमगले असते. ती तासाभराची तपासणी आम्ही वगळली.

जुन्या भारतीय मानकानुसार १०० केव्हीएच्या डीपीला बिनभाराचे २६० वॉट नुकसान चाले. वर्षाचे ८,७६० तास धरले तर सुमारे २,२७८ युनिटे झाली. तीही एकही दिवा न लावता! आणि हे झाले धडधाकट डीपीचे. आम्ही ठोकलेल्यांचे किती, ते कोणी मोजलेच नाही.

आता दिवाळीला नातू घरी आला आहे. काल त्याला सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही दुरुस्त केलेल्या डीपी अजून जास्त खात असतील?"

असतील, बाबा. म्हणूनच हे लिहून ठेवतो आहे. पुढच्या कारागिराने हातोडी उचलण्याआधी मीटर उचलावा.