हज : ऐपतीच्या अटीवर उभे असलेले कर्तव्य

हज यात्रा हा इस्लामच्या पाच मूलस्तंभांपैकी एक. नमाज रोजची, रोजे दरवर्षी महिनाभर. हज मात्र आयुष्यात एकदाच, आणि तीही ज्याला शक्य असेल त्यानेच करायची. कुराणाच्या तिसऱ्या अध्यायात हे कर्तव्य सांगतानाच ही अट घातलेली आहे. धर्मशास्त्र तिला ‘इस्तिताअत’ म्हणते. मराठीत ‘ऐपत’ हा तिला सर्वांत जवळचा शब्द; पण ही ऐपत केवळ पैशाची नाही. प्रवास झेपेल असे शरीर, सुरक्षित वाट, परत येईपर्यंत घरच्यांच्या उदरनिर्वाहाची तजवीज आणि अंगावर देणे नसणे, हे सारे तीत येते. ज्याच्यापाशी हे नाही, त्याच्यावर हज फर्ज नाही आणि न गेल्याचा दोषही नाही.

मुख्य विधी जिल्हज महिन्याच्या 8 तारखेपासून 12 किंवा 13 तारखेपर्यंत चालतात. इस्लामी चांद्र पंचांगात अधिकमास नसल्याने हे दिवस दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकतात. मक्केभोवती ठरवून दिलेली हद्द म्हणजे मीकात. ती ओलांडण्यापूर्वी यात्रेकरू इहराम धारण करतो. पुरुषांसाठी ती दोन न शिवलेली पांढरी वस्त्रे; स्त्रिया आपल्या नेहमीच्या शालीन वेशात असतात. मग सुगंध वर्ज्य, नखे-केस कापणे वर्ज्य, शिकार वर्ज्य, भांडणतंटाही वर्ज्य.

काबागृहाला सात प्रदक्षिणा (तवाफ) आणि सफा व मरवा या टेकड्यांमध्ये सात खेपा (सई) हे विधी सर्वपरिचित आहेत. दुसऱ्यामागे तान्ह्या इस्माईलसाठी पाण्याच्या शोधात धावणाऱ्या हाजराची कथा आहे. लाखो लोक, त्यांत राजे आणि धर्मपंडितही, ओसाड रानात एकट्या पडलेल्या एका आईच्या पावलांवर पाऊल ठेवून चालतात. हजच्या आध्यात्मिक अर्थाविषयी लिहिताना ही गोष्ट फारच घाईने सांगितली जाते. तरीही यात्रेचा गाभा 9 तारखेच्या अरफातच्या मैदानात आहे. तेथे प्रदक्षिणा नाही, बळी नाही. दुपारपासून सूर्यास्तापर्यंत थांबायचे आणि क्षमा मागायची. हा मुक्काम चुकला तर हज होत नाही. पुढे मुझदलिफाची रात्र, मीना येथे स्तंभांना खडे मारणे, कुर्बानी आणि मुंडन किंवा केस कापणे हा क्रम आहे. कुर्बानीच्याच दिवशी जगभर बकरी ईद असते.

ऐपतीचा प्रश्न मुंबईने सर्वांत जवळून पाहिला. जहाजांच्या काळात देशभरातील यात्रेकरू येथूनच जेद्दाला जात. त्यांत परतीचे भाडेही जवळ नसलेले अनेक असत. ते हिजाझमध्ये अडकून पडत आणि त्यांना परत आणणे सरकारला भाग पडे. 1886 मध्ये ब्रिटिश सरकारने या वाहतुकीची व्यवस्था चक्क थॉमस कुक कंपनीकडे सोपवून पाहिली. ती फार टिकली नाही. सागरी मार्ग 1995 मध्ये बंद झाला. मात्र भारतीय हज समितीचे मुख्यालय असलेले हज हाउस आजही मुंबईतच आहे.

विमानभाड्यावरील सरकारी अनुदानाचा वाद याच अटीपाशी आला. मे 2012 मध्ये न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने हे अनुदान दहा वर्षांत संपवण्याचा आदेश दिला. निकालपत्रात आधार घेतला तो कुराणातील त्याच आयतीचा. सरकारने 2018 मध्येच अनुदान बंद केले. ज्याला जमते त्याच्यावरच फर्ज असेल, तर सरकारी मदत कशासाठी, हा प्रश्न मुस्लिम समाजातूनही आधीपासून विचारला जात होता.

मॉन्ट्रियलमध्ये ही अट वेगळ्या रूपात समोर येते. येथे पगार पुरेसा असतो, पण पंचवीस वर्षांचे गृहकर्ज डोक्यावर असते. मग देणे फिटलेले कधी मानायचे? अनेक धर्मपंडितांचे मत असे, की ठरलेले हप्ते वेळच्या वेळी जात असतील आणि यात्रेच्या खर्चाने ते थकणार नसतील, तर हज करता येते. व्याजाच्या कर्जाचा प्रश्न त्याहून अवघड. त्यावर एकमत नाही. 2022 पासून पाश्चात्त्य देशांतील यात्रेकरूंची नोंदणी सौदी सरकारच्या ऑनलाइन व्यवस्थेतून होते. त्यामुळे पूर्वी सारे जमवून देणारा ओळखीचा एजंट मागे पडला आहे.

वाट सुरक्षित असणे ही अटही कागदावरची नाही. जून 2024 च्या उष्म्यात 1,300 हून अधिक यात्रेकरू मरण पावले. सौदी अधिकाऱ्यांच्या मते त्यांतील 83 टक्के परवान्याविना आले होते. त्यांना वातानुकूलित तंबू आणि बस यांचा आधार नव्हता.

ज्याच्यापाशी पैसा आहे पण आजार वा वार्धक्यामुळे शरीर कायमचे थकले आहे, त्याच्यासाठी ‘हज-ए-बदल’ची सोय आहे: त्याच्या वतीने दुसऱ्याने जायचे. बहुसंख्य धर्मपंडितांच्या मते, जाणाऱ्याने स्वतःची हज आधी केलेली असली पाहिजे.