अंकुराची वाढ

अंकुराची वाढ : धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (1870–1944) यांनी 1912 मध्ये मुंबईत तयार केलेला लघुपट. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याला अंकुर फुटून त्याचा वेल होण्याची, महिन्याहून अधिक काळ चाललेली क्रिया त्यात मिनिटभराहून किंचित अधिक अवधीत दाखविली होती.

छायाचित्रण, ठसे तयार करणे व रंगीत मुद्रण यांत फाळके यांचा हात आधीच बसलेला होता. फेब्रुवारी 1912 मध्ये ते लंडनला गेले. सेसिल हेपवर्थ यांच्या निर्मितिगृहातील काम पाहून व विल्यमसन कॅमेरा खरेदी करून ते परतले. कोरी फिल्म त्या काळी बिनछिद्रांची मिळे. तिच्या कडांना छिद्रे पाडण्याचे व विकसनाचे काम घरीच, अंधाऱ्या खोलीत चाले आणि त्यात पत्नी सरस्वतीबाई यांचा मोठा वाटा होता. एका ओळीतील छिद्रांचे अंतर चुकले, तर पडद्यावरील चित्र थरथरते.

कुंडी व कॅमेरा जागचे न हलविता ठराविक अंतराने चित्रे घ्यावयाची व ती नेहमीच्या गतीने दाखवावयाची, हे या लघुपटाचे तत्त्व होय. लंडनमध्ये पर्सी स्मिथ यांनी 1910 मध्ये याच रीतीने फुलांचे उमलणे चित्रित केले होते. फाळके रोज एकच चित्र घेत, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु हिशेब तसा जुळत नाही. सेकंदाला सोळा चित्रे धरली, तर मिनिटाला 960 चित्रे लागतात. म्हणजे महिनाभर रोज सुमारे तीस चित्रे घ्यावी लागली असणार. शिवाय दिवसागणिक प्रकाश बदलला, की पडद्यावर चित्र लुकलुकते. म्हणून प्रत्येक वेळी प्रकाशमान सांभाळणे हे यातील खरे जिकिरीचे काम.

या खटाटोपामागे केवळ कुतूहल नव्हते. कथापटासाठी भांडवल हवे होते आणि अननुभवी माणसाला ते कोणी देईना. हा लघुपट पाहून यशवंतराव नाडकर्णी व नारायणराव देवहरे यांनी कर्ज देऊ केले. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. त्यातून तयार झालेला राजा हरिश्चंद्र 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. एकेक चित्र सुटे घेण्याचे हेच तंत्र फाळके यांनी पुढे आगकाड्यांच्या हालचाली दाखविणाऱ्या लघुपटातही वापरले.