रक्तातील खुणा आणि मेंदूतील कृमी

आतड्यातील पट्टकृमी आपला पुरावा स्वतःच देतो. त्याचे तुकडे व अंडी शौचात सापडतात. मेंदूत दडलेल्या त्याच्या अळीचे तसे नाही. डुकराच्या पट्टकृमीची अंडी अस्वच्छ हात, पाणी किंवा न धुतलेली भाजी यांवाटे पोटात गेली की त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तातून मेंदूत पोचतात आणि कोष करून राहतात. त्यामुळे कधीही मांस न खाणाऱ्यालाही हा रोग होतो. रोगी येतो तो फिट आल्याची तक्रार घेऊन. मग कवटी न उघडता रोग ओळखायचा कसा?

शरीर परक्या पदार्थांविरुद्ध, म्हणजे प्रतिजनांविरुद्ध, प्रतिपिंडे तयार करते. कुत्र्याच्या पट्टकृमीमुळे होणाऱ्या हायडॅटिड रोगात अशी प्रतिपिंडे शोधण्याची चाचणी इटलीच्या गेदिनी यांनी १९०६ मध्ये वापरली. पुढे १९७१ मध्ये स्टॉकहोमच्या एंगवाल व पेर्लमान यांनी एलायझा पद्धत मांडली. तीत प्रतिपिंडांचे अस्तित्व रंगाने कळते. चाचणी सोपी झाली, पण एक अडचण उरली. निरनिराळ्या कृमींचे काही प्रतिजन सारखेच असतात. साहजिकच, कृमीचा कच्चा अर्क वापरला तर दुसऱ्याच कृमीने बाधित झालेल्या माणसाचे रक्तही ‘होय’ म्हणते.

यावर १९८९ मध्ये अमेरिकेत अटलांटा येथे त्सांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाय काढला. त्यांनी डुकराच्या पट्टकृमीच्या कोषातील सात ग्लायकोप्रथिने निवडून काढली. त्यांच्या चाचणीने ९८ टक्के रोगी ओळखले आणि इतर रोग असलेल्यांपैकी एकालाही चुकीने ‘होय’ म्हटले नाही.

प्रश्न सुटला असे वाटेल. पण त्याच वर्षी वेल्लोरच्या डॉक्टरांनी भारतातील फिट येणाऱ्या रोग्यांविषयी वेगळीच माहिती प्रसिद्ध केली. अनेकांच्या स्कॅनमध्ये एकच लहान ठिपका दिसे. तो क्षयाची गाठ समजून क्षयाची औषधे दिली जात. शस्त्रक्रियेने काढलेल्या ठिपक्यांत मात्र पट्टकृमीचे कोष आढळले. नवी चाचणी येथे उपयोगी पडेल का? एकच कोष असलेल्या रोग्यांपैकी केवळ २८ टक्के तिला ओळखता आले, असे १९९१ मध्ये अमेरिकेतील अभ्यासात दिसले. एकुलत्या कोषामुळे रक्तात प्रतिपिंडे फारच थोडी तयार होत असावीत. उलट, कृमी मेल्यानंतरही प्रतिपिंडे काही काळ टिकून राहतात.

म्हणून ९८ टक्के हा आकडा विद्यार्थ्यांना सांगताना ‘कोणत्या रोग्यांत?’ हा प्रश्नही जरूर विचारायला लावा. चाचणी नकारार्थी आली एवढ्यावरून रोग नाही असे ठरत नाही. स्कॅन आणि लक्षणेही पाहावीच लागतात.