जुन्या ट्रकचं स्टिअरिंग सैल झालंय? बॉक्सला दोष देण्याआधी हे तपासा

जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये बसलात की एक गोष्ट लगेच लक्षात येते. रस्ता सरळ असला तरी ड्रायव्हरचे हात सतत हलत असतात, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच!"

पण स्टिअरिंग सैल होण्याचं कारण नुसतं वय नसतं. कुठला तरी भाग झिजलेला किंवा ढिला झालेला असतो. तो शोधला नाही तर दोन नुकसानं होतात. एक म्हणजे स्टिअरिंगचा सांधा चालत्या गाडीत निसटला तर ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवत राहतो आणि चाकं मात्र ऐकत नाहीत. दुसरं म्हणजे अंदाजाने महागडा स्टिअरिंग बॉक्स बदलला जातो आणि गाडी पूर्वीसारखीच डुलत राहते.

हातापासून चाकापर्यंतची साखळी

टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून टाटा-मर्सिडीज ट्रक बनवायला सुरुवात केली. त्या पिढीतल्या ट्रकांमध्ये पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा एकच जाडजूड आडवा अ‍ॅक्सल असे.

अशा गाडीत स्टिअरिंग फिरवलं की बॉक्समधून बाहेर आलेला ड्रॉप आर्म हलतो. तो ड्रॅग लिंक नावाचा दांडा ढकलतो आणि एक चाक वळतं. टाय रॉड तीच हालचाल दुसऱ्या चाकाला पोचवतो. प्रत्येक चाक अ‍ॅक्सलच्या टोकाला किंगपिन नावाच्या जाड खिळीभोवती वळतं.

म्हणजे हाताला जाणवणारा ढिलेपणा ही या सगळ्या सांध्यांची बेरीज असते. प्रत्येक सांध्याचा थोडा थोडा प्ले मिळून स्टिअरिंगवर तो इंचांमध्ये दिसतो. म्हणून तपासणी एकेका सांध्याची करायची.

किती प्ले म्हणजे जास्त?

गाडी सपाट जागेवर आणि चाकं सरळ ठेवा. मागच्या चाकांना ठोकळे लावा. पुढची चाकं हलायला लागेपर्यंत स्टिअरिंग किती मोकळं फिरतं ते पट्टीने मोजा. अंदाज यावा म्हणून सांगायचं, तर अमेरिकेतल्या अवजड वाहनांच्या नियमांनुसार पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत २० इंची स्टिअरिंगला जास्तीत जास्त अडीच इंच प्ले चालतो. तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर त्यातला आकडा धरा.

पहिली चाचणी : चाकं जमिनीवर

इंजिन बंद ठेवून एकाला केबिनमध्ये बसवा. त्याने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं. तुम्ही बॉक्सपासून चाकापर्यंत एकेक सांधा बघत जायचं. एक भाग हलतोय, पण त्याला जोडलेला पुढचा भाग क्षणभर थांबून मग हलतोय, असं दिसलं की झीज तिथेच.

हे बघताना आणखी दोन जागा विसरू नका. चॅसिसवर बसवलेला अख्खा बॉक्सच हलत असेल तर बोल्ट सैल आहेत किंवा चॅसिसला तडा गेलाय. अ‍ॅक्सल पाट्यांवर सरकत असेल तर यू-बोल्ट, पाट्यांचा मधला बोल्ट आणि शॅकलचे बुश तपासा. दोष पाट्यांचा असला तरी ड्रायव्हरला तो स्टिअरिंगचाच वाटतो.

दुसरी चाचणी : चाक उचलून

अ‍ॅक्सलखाली जॅक लावून चाक जमिनीपासून उचला आणि लगेच भक्कम स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

आता चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. खडखड झाली तर ती किंगपिनची असेल किंवा व्हील बेअरिंगची. फरक ओळखायची सोपी युक्ती आहे. केबिनमधल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत त्यामुळे चाक मागच्या प्लेटशी घट्ट धरलं जातं. मग खडखड थांबली तर दोष बेअरिंगचा, तरीही राहिली तर किंगपिन किंवा त्याचे बुश झिजलेत.

मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. प्ले फक्त याच दिशेला असेल तर आधी टाय रॉडची टोकं बघा. तिथलं रबर फाटलं की आत धूळ-पाणी जातं आणि सांधा झपाट्याने झिजतो.

टायरही सांगतात

टायरवर हात फिरवल्यावर एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागत असेल तर चाकांचा टो बिघडलाय. एकच कड जास्त झिजली असेल तर किंगपिनवर आणि टोवरही संशय घ्या. ठरावीक वेगाला किंवा खड्ड्यानंतर दोन्ही चाकं थरथरत असतील तर सांध्यांबरोबर टायरचं बॅलन्सिंगही तपासा. हवा कमी असली तरी गाडी भरकटते, म्हणून सगळ्यात आधी हवा बघा.

बॉक्सचा स्क्रू शेवटी

बाकी सगळं घट्ट असेल आणि तरीही ड्रॉप आर्म उशिरा हलत असेल, तरच बॉक्सकडे वळा. गाडी बहुतेक वेळ सरळ चालत असल्याने बॉक्स मधोमध जास्त झिजतो. बाहेरचा स्क्रू आवळून मधला प्ले काढला, तर कमी झिजलेल्या बाजूंना तो अडकू लागतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नसेल तर स्क्रू जास्त आवळला गेलाय. अशी गाडी सैल स्टिअरिंगपेक्षाही धोक्याची.

दुरुस्तीनंतर

किंगपिन आणि बुश दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. टाय रॉडच्या नटाला कॉटर पिन घातल्याशिवाय गाडी हलवू नका आणि अलाइनमेंट करूनच रस्त्यावर काढा. किंगपिनला ग्रीस भरताना अ‍ॅक्सल उचलून चाकं अधांतरी ठेवा, म्हणजे एरवी वजनाखाली दाबल्या जाणाऱ्या भागातही ग्रीस पोचतं.

सगळं झालं की स्टिअरिंगचा प्ले पुन्हा मोजा. आधीच्या आकड्याशी ताडून पाहिलं की खर्च योग्य जागी झाला की नाही ते लगेच कळतं.