मार्लवाईची गोंडी शाळा : विद्यार्थिकेंद्री शिक्षणाचा एक ऐतिहासिक धडा

प्रस्तावना

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ पासून ज्ञानरचनावाद हा शब्द शिक्षणक्षेत्रात रूढ झाला. मूल कोरी पाटी नसते, पूर्वज्ञानाच्या आधारे ते स्वतःचे ज्ञान स्वतः रचते, हा त्याचा गाभा होय. पियाजे आणि वायगॉत्स्की यांची नावे अध्यापक महाविद्यालयांत नेहमी घेतली जातात. मात्र चर्चा बहुधा कृती, गटकार्य आणि शैक्षणिक साहित्य यांभोवतीच फिरते. मुलाचे पूर्वज्ञान कोणत्या भाषेत साठलेले असते, हा प्रश्न मागे राहतो. या प्रश्नाचे एक उत्तर १९४३ साली तत्कालीन आदिलाबाद जिल्ह्यातील मार्लवाई या गोंड खेड्यात दिले गेले होते.

पार्श्वभूमी

हैदराबाद संस्थानाने १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन करून उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचे धाडस केले. इंग्रजीऐवजी भारतीय भाषेतून शिकवले तर विद्यार्थ्यांची आकलनशक्ती मुक्त होते, हा त्यामागचा विचार आजही मोलाचा आहे. परंतु संस्थानातील बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी व कन्नड बोलत. त्यांच्या मुलांना उर्दू माध्यमाची अडचण इंग्रजीसारखीच होती. आदिलाबादच्या डोंगराळ भागातील गोंड तर या सर्वांच्याही पलीकडे होते. त्यांची गोंडी शाळेत नव्हती, कचेरीतही नव्हती.

याची किंमत जमिनीच्या रूपाने मोजावी लागली. जंगले राखीव झाली, बाहेरून आलेल्यांनी जमिनी आपल्या नावे करून घेतल्या, आणि कागद वाचता न येणारा गोंड आपल्याच शेतावर उपरा ठरला. या असंतोषातून कोमरम भीम यांचा उठाव झाला. १९४० साली जोडेघाट येथे ते मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने या भागाच्या अभ्यासासाठी ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांची मदत घेतली. ते मार्लवाईत राहिले, गोंडी शिकले. जमिनींचे पट्टे आणि शिक्षण हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकत्रच पाहिले.

मार्लवाईचा प्रयोग

१९४३ साली मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. या योजनेची तीन वैशिष्ट्ये लक्षात घेण्याजोगी आहेत.

पहिले, आरंभ मुलांपासून नव्हे तर शिक्षकांपासून झाला. बाहेरचा शिक्षक आणून गावात बसवण्याऐवजी गोंड तरुणांनाच शिक्षक म्हणून तयार करण्यात आले. मूल घरी जे बोलत होते, तेच शिक्षकही बोलत होता.

दुसरे, प्रारंभिक शिक्षणाचे माध्यम गोंडी ठेवण्यात आले आणि त्यासाठी गोंडी वाचनपाठ तयार झाले. ‘अ’ शिकण्यासाठी अनोळखी शब्द पाठ करावा लागत नव्हता. अक्षर नवे असले, तरी शब्द आणि त्याचा अर्थ मुलाजवळ आधीपासून होता. ज्ञानरचनावाद ज्याला पूर्वज्ञान म्हणतो, ते येथे प्रत्यक्ष वापरात होते.

तिसरे, या पुस्तकांसाठी देवनागरी लिपी निवडण्यात आली. या भागातील गोंडांचा बाजारहाटामुळे मराठीशी परिचय होता. त्यामुळे एकदा लिपी आली की मराठीचे दारही उघडत असे. म्हणजे मातृभाषा ही मुलाला अडवणारी भिंत न होता पुढील भाषेकडे जाणारी पायरी ठरली.

मराठी वाचकांना इतिहाससंशोधक म्हणून परिचित असलेले सेतुमाधवराव पगडी यांनीही प्रशासकीय सेवेत असताना याच जिल्ह्यात काम केले. त्यांनी गोंडी आत्मसात करून तिचे व्याकरण लिहिले. अधिकाऱ्याने रयतेची भाषा शिकावी, हाही त्या काळाचा एक वस्तुपाठ होय.

प्रयोगाचा शेवट

१९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले, तर किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले. एकाच समाजाची मुले एका बाजूला तेलुगू आणि दुसऱ्या बाजूला मराठी शाळेत बसू लागली. गोंडी माध्यम मागे पडले. शाळा राहिल्या, परंतु मुलाला केंद्रस्थानी ठेवणारा मूळ धागा तुटला. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५० क अन्वये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय देण्याचे कर्तव्य राज्यांवर सोपवले, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार गोंडी भाषकांची संख्या सुमारे ३० लाख आहे, तरीही ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. आदिलाबादमधीलच गुंजाळा येथे सापडलेल्या हस्तलिखितांतील गोंडी लिपीला २०१८ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. मार्लवाई हे गाव २०१६ च्या जिल्हाविभाजनानंतर कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे.

निष्कर्ष

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये बालककेंद्री पद्धती आणि शक्य तेथवर मातृभाषेचे माध्यम या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी नमूद आहेत. व्यवहारात पहिलीचे प्रशिक्षण होते, दुसरी ‘शक्य तेथवर’ या शब्दांत अडकते. मराठी शाळेतील उर्दूभाषक मूल असो, तेलुगू शाळेतील गोंड किंवा कोलाम मूल असो, ते गटकार्यात गप्प बसले तर त्याला काही येत नाही असा निष्कर्ष काढण्यापूर्वी शिक्षकाने त्याला त्याच्या भाषेत एकदा विचारून पाहावे. प्रत्येक भाषेचे पाठ्यपुस्तक देणे महाविद्यालयांच्या हाती नाही. पण भावी शिक्षकांना विद्यार्थ्यांच्या घरची भाषा ऐकण्याची, तिचे किमान शंभर-दोनशे शब्द शिकण्याची सवय लावणे निश्चितच त्यांच्या हाती आहे.